मुरुडशेंगेची सहाण

मी सहाण आहे, मित्रांनो; यावलच्या भागाबाईंच्या घरातली, मधोमध खोलगट झालेली जुनी सहाण. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी भागाबाईंनी मला आठवड्याच्या बाजारातून घरी आणलं.

बाळगुटी उगाळणं हे माझं काम. हळकुंड, वेखंड, जायफळ सगळं माझ्यावरून फिरे. पण माझी खरी सोबतीण मुरुडशेंग. सातपुड्यातल्या बायका ती टोपलीतून विकायला आणत. दोरीला पीळ द्यावा तशी ती दिसते. आतड्याचे स्नायू एकाएकी आवळले की पोटात कळ येते. पाण्याच्या चार थेंबांत उगाळलेली ही शेंग ती कळ सैल करते, असा सर्वांचा अनुभव होता. शेजारच्या वच्छलाबाई सकाळीच दारात येत.

"सहाण देय वं भागाबाई. पोरगं बठ्ठं गाव उठवू राह्यलं."

"बापावर गेलं मंग," असं म्हणत भागाबाई मला पदराने पुसून देत.

मग एका कडक उन्हाळ्यात भागाबाईंच्या नातवाला, पाच महिन्यांच्या कौतिकला, जुलाब सुरू झाले. तो पाय पोटाशी घेऊन रडे. भागाबाई मला पुढ्यात घेऊन शेंग उगाळत बसल्या. त्याची आई, भागाबाईंची सून सुनंदाबाई, ते चाटण बोटाने त्याच्या जिभेवर ठेवी. तो बोट सोडत नसे.

"आत्याबाई, त्याले तहान लागेल हाये. घोटभर पानी पाजू का?"

"नको वं माय. पानी पाजशीन त पोट अजून सुटीन. दूधही आज राहू दे."

भागाबाईंना त्यांच्या सासूने हेच शिकवलं होतं. तेव्हा पुष्कळ घरांत अशीच समजूत होती.

दुपारी कळ थांबली. कौतिकचं रडणंही थांबलं. "उतार पडला," भागाबाई म्हणाल्या. टाळू खोल गेलेली दिसली, म्हणून त्यांनी तिच्यावर तेल घातलं. त्याचे डोळे कोरडे होते. त्यांत रडण्यापुरतंही पाणी नव्हतं.

त्याचे वडील केळीच्या बागेतून परतण्याआधीच तो गेला.

काही दिवसांनी दवाखान्यातल्या नर्सबाई घरी आल्या. "शेंगेने कळ थांबली असेल, भागाबाई," त्या हळूच म्हणाल्या. "पण जुलाबाने अंगातलं पाणी संपलं होतं. टाळू त्यामुळेच बसली."

भागाबाई सुनंदाबाईंकडे वळल्या.

"म्हंजे बोट चोखे, तो पान्यासाठीच?"

सुनंदाबाई चुलीपुढून उठून परसात गेल्या.

त्या दिवसापासून मी कोनाड्यात पालथी पडून आहे. आता बाळांना बाटलीतली औषधं देतात, त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या बाळाला जुलाब झाले, तर त्याचं दूध तोडू नका, त्याला तहानलेलं ठेवू नका आणि लगेच दवाखान्यात न्या. ते रडायचं थांबलं, तर आधी त्याचे ओठ आणि डोळे पाहा. गप्प झालेलं मूल बरं झालेलंच असेल, असं नाही.