माझा लाल रंग

मी शेताचा नकाशा बोलतोय. वहीच्या दोन पानांएवढा माझा जीव, पण मी जे पाहिलं ते फार उंचावरून पाहिलं.

एक उपग्रह या शेतांवरून जाता जाता खाली बघत होता. माणसाच्या डोळ्यांना न दिसणारा एक उजेड असतो. तरारलेली पानं तो भरभरून परत फेकतात आणि उपग्रहाला तो दिसतो. न दिसणारी गोष्ट कागदावर दाखवायची, तर तिला कुठला तरी रंग उसना द्यावा लागतो. मला लाल दिला. जिथे पीक जोमात, तिथे मी लालभडक. पाणी आणि खत कुठे खरंच हवं ते कळावं, उगाच ओतून जमिनीचं वाटोळं होऊ नये, म्हणून शेती कार्यालयाने मला छापलं. रंगांचा अर्थ सांगणारं पान मात्र छपाईयंत्रातच राहिलं. मी या घरी एकटाच आलो.

घरात दोन जावांच्या दोन चुली. धाकटीचा नवरा परगावी नोकरीला, म्हणून त्यांच्या वाटणीचा तुकडा तीच कसते. पाणी बेताने देते, पालापाचोळा न जाळता सऱ्यांत अंथरते. थोरल्या दिरांच्या डोळ्यांत ते सगळं खुपतं. ते तिच्याशी थेट बोलतसुद्धा नाहीत.

त्यांनी मला ओट्यावर पसरलं. त्यांचं सगळं शेत फिकट, धाकटीचा तुकडा लालभडक.

"सांग तुझ्या जावेला," ते बायकोवर कडाडले, "तिचे दिवे आकाशातून दिसतायत! रोग लागलाय पिकाला. उद्या माझ्या शेतात शिरेल."

"पीक हिरवंगार आहे, जाऊबाई," धाकटी म्हणाली.

"म्हणावं, वरून दिसतं ते खरं. ट्रॅक्टर बोलावलाय. नांगर फिरवणार."

"दोघांना ऐकू येतंय की!" थोरली वैतागली. "मी काय टपालपेटी आहे?"

कोणी हसलं नाही. अहो, तो लाल रंग म्हणजे माझी शाबासकी होती, आणि तिचीच शिक्षा होऊ घातली होती! पण कागदाला तोंड कुठलं?

बांधावर ट्रॅक्टर घरघरत होता. धाकटी मला घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

"सरक म्हणावं तिला!" दीर ओरडले.

ती हलली नाही. माझ्यावरची विहीर समोरच्या विहिरीच्या दिशेला येईपर्यंत तिने मला फिरवलं, तिच्यावर बोट ठेवलं आणि मला ट्रॅक्टरवाल्यासमोर धरलं.

"भाऊ, ही विहीर. काठची झाडं नकाशात कशी आहेत?"

"लाल."

"आणि समोर?"

त्याने मान वर केली. "हिरवीगार."

"मग त्यांनाही रोग लागलाय का? आणि हा रस्ता बघा. एक पान नाही, तर लालही नाही."

ट्रॅक्टरवाल्याने मला नीट न्याहाळलं. "मालक, मग तुमचंच शेत फिकं का?"

दिरांनी मला हिसकावलं. टर्रकन मी मधोमध फाटलो. पण ट्रॅक्टरवाल्याने नांगर उचलला आणि तो आल्या वाटेने गेला.

आता मी दोन ठिकाणी राहतो. लाल अर्धा धाकटीच्या कपाटाच्या दारावर, फिकट अर्धा दिरांच्या खिशात. घरातला अबोला तसाच आहे. माझं मागणं एवढंच: मला वाचायचं असेल तर आधी शेतात या, पायांखाली बघा, मगच कोणाला दोष द्या.

काल दीर आपल्या शेतात घोटाभर चिखलात उभे राहिले. माझ्यावरचा फिकट डाग पाहिला, पाय पाहिले. मला एक सणसणीत शिवी हासडली. मग जाऊन पाण्याची मोटर बंद केली.