नववी रांग

आईला सिनेमा लांबलचकच लागायचा. दोन तासांत आटोपणाऱ्या सिनेमाला ती "ही तर जाहिरात" म्हणायची. लेक घरीच शिवणकाम करायची. रविवारी दुपारी ती मशीन झाकायची आणि मायलेकी साडेतीन तासांची ती जुनी युद्धकथा लावायच्या. दर रविवारी तीच, कारण त्यातल्या फौजेत बाप होता. तरुणपणी तो सिनेमात गर्दीत उभं राहायची कामं करायचा. शेवटच्या लढाईआधी, नवव्या रांगेत, मसुरीच्या डाळीएवढं त्याचं तोंड दिसायचं. त्याला जाऊन सहा वर्षं झाली होती.

घरचा नियम असा की सिनेमा संपला की दोघींनी वहीत दहापैकी गुण लिहायचे आणि मग मनसोक्त भांडायचं. राजा फार रडतो म्हणून लेक सहा द्यायची. आई कायम नऊ. का, ते कधी सांगायची नाही.

एका रविवारी आईने आठ दिले. पुढच्या रविवारी सात.

"काय गं, राजावरून मन उडालं वाटतं?" लेकीने चिडवलं.

आई हसली नाही. तिने आपली खुर्ची टीव्हीकडे वीतभर सरकवली. नजर कमी झाली असेल, असं लेकीला वाटलं. पण चष्म्याचं नाव काढलं तर आई अंगावर यायची.

एका रविवारी सिनेमा संपायच्या आधीच आईने वहीत चार लिहिले, आणि तेव्हाच लेकीचं लक्ष पडद्यावरच्या एका कॉलरीवर गेलं. फौजेत एकाची कॉलर उलटी दुमडलेली होती. धंद्याची सवय, असलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. कॉलरीवरून तिने वर बघितलं तर तोंड बापाचं होतं, चांगलं लिंबाएवढं. तिने रांगा मोजल्या. चौथी.

"आई, हे गुण नाहीत."

"गुण कधी होते? तो कुठे उभा आहे ते मी लिहिते."

"तो पुढे येतोय."

"हो. आणि बघतोय कुणाकडे, ते बघ."

बाप आईच्या डोक्यावरून थेट लेकीकडे बघत होता. जिवंतपणीही त्याला लेकीवाचून घास उतरत नसे.

"मग आपण लावायलाच नको."

"तू लग्नाला गेली होतीस त्या रविवारी नव्हता लावला. तरी तो एक रांग पुढे आलाच. लावला तर निदान मला मधे बसता येतं."

तिसरी झाली, दुसरी झाली. पहिल्या रांगेच्या रविवारी आईने खुर्ची टीव्हीला टेकवली.

"आई, मला काही दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच बसलेय." मग पडद्याकडे तोंड करून, नवऱ्याशी बोलायच्या जुन्या वैतागाने ती म्हणाली, "पोरीला अजून पुष्कळ जगायचंय. एवढी घाई असेल तर मला ने."

लढाई झाली, राजा रडला, सिनेमा संपला. आई उठली नाही. वही तिच्या मांडीवर होती आणि पान कोरं होतं.

लेक महिनाभर रडली. आपल्याऐवजी आई गेली, हे तिला गिळता येईना. आणि भीतीही होती, बाप तिथेच उभा असेल तर? शेवटी एका रविवारी तिने मशीन झाकलं आणि सिनेमा लावला.

बाप परत नवव्या रांगेत होता. त्याच्या पुढ्यात, छातीला छाती लावून, एक बाई पाठमोरी उभी होती. तिच्या ब्लाउजच्या उजव्या बाहीला रफू होतं. ते लेकीनेच केलं होतं, घाईत, जरा वाकडं. बाप टाचा उंचावून बाईच्या खांद्यावरून लेकीकडे बघायची धडपड करत होता, आणि तो हलेल तिकडे बाई हलत होती.

लेकीने वहीत नऊ लिहिले. पुढच्या रविवारी तिने जीव मुठीत धरून रांगा मोजल्या. नऊच. त्याच्या पुढच्या रविवारीही नऊच भरल्या. आई जागची हटली नव्हती.