रेघेपर्यंत भरलेला कप

ती मशीनपाशी परत आली तेव्हा फळीवर कप नव्हता. कप धुणारीने मशीनमागे वाकून पाहिलं, तिथेही नव्हता.

शर्यतीचं मैदान होतं. पळणाऱ्यांना पाणी द्यायचे कागदी कप यंदापासून बंद. आता जाड निळे कप, धुवा आणि पुन्हा वापरा. नियम वाईट नव्हता. दरवर्षी कागदाच्या लगद्याने गटार तुंबायचं आणि उपसायला हिलाच उतरावं लागायचं. पण नियम करणाऱ्यांपैकी एकानेही जन्मात कप धुवायचं मशीन उघडून पाहिलं नसेल. आत क्षार साचले की ॲसिड ओतावं लागतं. आजवर ती ते कागदी कपात मापायची आणि कप चुरगळून फेकून द्यायची. मापाचं भांडं तिने मुकादमाकडे तीनदा मागितलं. निळा घे एखादा, तो म्हणाला, ढिगाने पडलेत. तिने घेतला आणि अर्ध्यावरच्या रेघेपर्यंत भरला.

पळणाऱ्यांचं पाणीही त्याच रेघेपर्यंत. जास्त भरलं की अंगावर सांडतं.

तेवढ्यात मागे पाण्याचा पाइप निसटला, म्हणून ती धावली. दोन मिनिटं, फार तर तीन.

नणंद शेजारीच ट्रे भरत होती. तिला विचारलं तर म्हणाली, एक कप कमी पडत होता, फळीवरचा घेतला. वर हसली, "वहिनी, तुझी अर्धी कामं मीच निस्तरते. दादाला सांग जरा."

"कुठल्या ट्रेमध्ये ठेवलास?"

"पाच गेले की बाहेर. आता कसं सांगू?"

"त्यात ॲसिड होतं गं."

नणंदेचं हसू चेहऱ्यावरच वाळून गेलं.

पाच टेबलं, दोनशे कप. ना रंग, ना वास. वळणावर पहिले पळणारे दिसू लागले होते. तहानलेला माणूस कपात डोकावत नाही, सरळ घशात ओततो. ती धावली. मुकादमाने वाटेत दंड धरला. ॲसिडचा कप टेबलावर गेलाय, तिने सांगितलं. पाहुणे बसलेत, बोभाटा नको, हळूच हुंगून बघू, म्हणाला. वास येत नाही, ती म्हणाली. मग तो इकडेतिकडे बघत पुटपुटला, दोनशेतला एक, काय होतंय.

तिने पहिल्या टेबलावरचा कप उचलून त्याच्या तोंडापुढे धरला.

"मग तुम्ही प्या. कुठलाही घ्या."

त्याने दंड सोडला. कप मात्र घेतला नाही.

तिने टेबल उलथलं. कप फुटले नाहीत, खडखडत घरंगळले, पाणी सिमेंटवर पसरलं. ती खाली बघत राहिली. ॲसिड असतं तर सिमेंट फसफसलं असतं. नाही. नणंदेने दुसरं उलथलं, हिने तिसरं, चौथं. नुसतं पाणी. पाचव्यापाशी एक पळणारा पोचलाच होता, दोन्ही हातांत कप. तिने सगळा जोर लावून त्याच्या हातांवर फटका मारला. तो शिवी हासडून मागे सरला, आणि त्याच्या बुटांपुढे जमीन चरचरली. पांढरा फेस आला. तळहाताएवढा.

"प्यालात?" तिने विचारलं.

त्याने फेसाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "नाही. उजवा कप ओठाला लावणारच होतो."

मागे मुकादम तिला कामावरून काढल्याचं ओरडून सांगत होता. ती तिथेच ओल्यात बसली. नणंदेने पिंपातून कप भरून आणला, म्हणाली, घोटभर पी. तिचा घसा कोरडा ठाक होता. निळ्या कपात रेघेपर्यंत पाणी होतं. तिचा हात पुढे झाला नाही.