सखुबाईंना श्रद्धांजली

ललित हा विभागीय हौशी क्रीडा मंडळाचा सचिव. दर हिवाळ्यात नाशिकच्या मैदानावर कबड्डीपासून गोळाफेकीपर्यंतचे सामने भरवायचे, आणि उद्घाटनाला वर्षभरात गेलेल्या खेळाडूंची नावं वाचून दोन मिनिटं मौन पाळायचं, हा मंडळाचा शिरस्ता. यंदा यादीत एकच नाव होतं. देवळ्याच्या सखुबाई, साठीपुढच्या गटात गोळा फेकणाऱ्या.

नाव वाचून ललितनं मान खाली घातली. मिनिटभरानं सवयीप्रमाणे हळूच डोळा उघडून संघांवर नजर टाकली, आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. देवळ्याच्या रांगेत, निळ्या ट्रॅकसूटमध्ये, हात जोडून, मान खाली घालून सखुबाई उभ्या होत्या!

मौन मोडायचं नसतं, म्हणून बाई पूर्ण दोन मिनिटं थांबल्या. मग तरातरा मंचाशी आल्या.

"ललितभाऊ, मी जित्ती हाय! अन् खेळाच्या यादीत माझं नाव नाय म्हणत्यात. अकराला गोळा हाय माझा. खेळू देता का नाय?"

"मावशी, अहो, ग्रुपवर... तुमच्याच नंबरवरून..."

तीन आठवड्यांपूर्वी सखुबाईंच्या नंबरवरून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला होता. मागच्या वर्षीच्या स्पर्धेतला, नवरा-बायको दोघांचा. खाली एवढंच: 'दुःखद निधन'. कुणा एका शहाण्यानं लिहिलं, 'सखुबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. झालं! पाठोपाठ सत्तर जणांनी हात जोडले, त्यात ललितही. फोन करून विचारायचे कष्ट एकानंही घेतले नाहीत. उलट ललितनं त्याच संध्याकाळी स्पर्धेच्या यादीतून त्यांचं नाव काढून टाकलं.

"सुनेनं टाकला व्हता फोटो," सखुबाई म्हणाल्या. "गेले ते आमचे मालक. जाताना म्हनले, यंदाचा गोळा चुकवू नको."

ललितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकराच्या यादीत त्यानं त्यांचं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं. मग चूक निस्तरायला माइक उचलला. "मित्रहो, सखुबाई आपल्यातच आहेत. हे मौन होतं त्यांच्या यजमानांसाठी, कैलासवासी..."

आणि तो थबकला. चौदा वर्षं तो माणूस या मैदानावर येत होता. बायको गोळा फेकायची, आणि हा मोजणीच्या फितीचं दुसरं टोक धरायचा. ललितनं त्याच्यासोबत कितीदा चहा घेतला होता. नाव मात्र कधीच विचारलं नव्हतं. माइक हातानं झाकून त्यानं विचारलं, "मावशी, त्यांचं नाव?"

स्वतःची श्रद्धांजली ऐकून न हललेली ती बाई आता मात्र चरकली. "तुमाला... ठावं नाय?"

सखुबाईंच्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यांनी ललितचा हात बाजूला सारला आणि माइक स्वतःच धरला.

"खंडेराव," त्यांनी सगळ्या मैदानाला सांगितलं. "खंडेराव नाव व्हतं त्यांचं."