तीस बायका, वीस दिवस

माझी चौकट चुलीत जावो, मी एक शब्द खोटा बोलले तर! मित्रांनो, मी एक जुनी दगडी पाटी हाय, लिहायची. खाणीतनं मला वर काढायला सात रेडे लागले, आन् नेवाशाच्या बाजारात मला बघून कोळसा लाजला.

मला घेतलं कृपानं. शाळंत ती आन् बनू एका बाकावर, दोघींत मी एकटीच पाटी. बनू गणितात लई हुशार. व्यस्त चलन तिनंच कृपाला शिकवलं: माणसं वाढली की दिवस घटत्यात, दोन्हींचा गुणाकार तेवढाच ऱ्हातो. कृपा लिहायची, बनू थुंकी लावून चूक पुसायची. माझं सुखाचं दिवस ते.

मग लग्न होऊन बनू पलीकडच्या गावाला गेली, आन् बहात्तर साल आलं. इहिरी आटल्या. कृपा पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर माती उचलायला लागली, आन् हजेरी मांडायला मला संगं न्यायची.

एक दिवस बनू तिथं आली. तिला धरून तीस बायका. त्यांच्या गावात काम निघालंच नव्हतं. तिच्या काखंत सुकलेलं पोरगं. मुकादम छगन आमच्या बायकांना म्हणला, "पुढचं काम कवा निघंल, मलाबी ठावं न्हाई. ह्यांना घ्यायचं का, तुमीच सांगा."

सगळ्यांनी कृपाकडं बघितलं, तीच तेवढी शिकलेली. तिनं मला मांडीवर घेतलं. आमच्याबी तीस बायका, वीस दिवसांचं काम उरलेलं. गुणाकार सहाशे. बायका साठ झाल्या तर सहाशे भागिले साठ. दहा दिवस.

"म्हंजी दहा दिवसांनी आपली चूल बंद," आमच्यातली गोजरबाई म्हणली.

कृपानं मला नुसतं बनूपुढं धरलं. बनूनं आकडे वाचले, पुन्हा वाचले.

"गणित बरोबर हाय, कृपे," ती म्हणली, आन् बायका घेऊन माघारी गेली.

वीस दिवसांनी काम सरलं. दुसऱ्याच दिवशी शेजारी दुसरा तलाव निघाला, येईल त्याला काम. गणितात काम तेवढंच धरलेलं असतंय. हितं ते तेवढंच हाय, असं आमाला सांगितलं कुणी? कुणीच न्हाई. आमीच धरलं.

कृपा पळत गेली आन् बनूला घेऊन आली. दोघी एका घमेल्याला लागल्या. कामावर खायला मिळायची ती सुकडी खाऊन पोरगं गुटगुटीत झालं.

पर त्यानंतर कृपानं माझ्यावर कधी लिहिलं न्हाई. मी उतरंडीमागं पडून हाय, कोपरा फुटलेला. मित्रांनो, पाटी जपा. पर उत्तराखाली दोन रेघा मारायच्या आधी समोर कोण उभं हाय, तेबी बघा.

आता शपथच घातली हाय, तर कबूल करते. रेडे खरे हुते. कोळसाबी लाजला हुता. कृपा पळत गेलती, ते तर लई खरं.

बनूच्या घराला कुलूप हुतं. ती आली, तेवढं मी बनवलं.