दोन बोटं खाली

"हात लावू नका! माझी मी उतरते," देसांका सिस्टर गाडीतूनच ओरडल्या.

मी पुढे केलेला हात मागे घेतला. आधी डावा पाय बाहेर आला. मग दाराची कड घट्ट पकडलेली बोटं दिसली. त्यानंतर बराच वेळ काहीच आलं नाही.

"हसताय काय मिस्त्री?"

"हसत नाही हो. तुम्ही पूर्ण बाहेर येईपर्यंत कॉफी होईल का, एवढाच विचार करत होतो."

शेवटी त्या उतरल्या आणि तशाच वाकलेल्या माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. माझी चेष्टा जागच्या जागी विरली.

मी रातोमिर. एकेचाळीस वर्षं सोफे, गाद्या आणि गाड्यांच्या सीटा शिवतोय. तोंडाचा फटकळ म्हणून गावात माझी ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण या बाईसमोर मी जरा बेतानं बोलतो. माझ्या आईचं शेवटचं दुखणं त्यांनी काढलं. दोन वर्षं, ऊन असो की बर्फ, मंगळवार-गुरुवार सकाळी गाडी दारात हजर. सरकारी गाडी मोडीत निघाली तेव्हापासून त्या स्वतःची सव्वीस वर्षांची गाडी घेऊन डोंगरावर गोर्न्या लिपाला जातात. चौदा घरं, आणि घरात एकही माणूस पंचाहत्तरच्या आतलं नाही. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन, कुणाचं नुसतं गाऱ्हाणं ऐकायचं.

"महिनाअखेर मला खिडकीत बसवणार आहेत," त्या म्हणाल्या. "केसपेपरच्या खिडकीत. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, तोवर पाठ सुधारली नाही तर डोंगराची फेरी बंद."

"मग वर कोण जाणार?"

"कोण जाणार? तरुण पोरी जर्मनीला जातात, डोंगरावर जात नाहीत. कोणी जाणार नाही." मग एकदम माझ्यावरच डोळे वटारून म्हणाल्या, "आणि सीटमुळे नाही हं हे. वारा लागलाय मला. बहीण म्हणाली म्हणून आले."

आम्हा सर्बांचं हे एक आहे. हाड मोडलं तरी आम्ही विचारणार, खिडकी कुणी उघडी ठेवली होती? दोन खिडक्यांमधून आरपार येणारा वारा हा आमचा खानदानी वैरी. पण तीस वर्षं नर्स असलेल्या बाईनंही तेच म्हणावं? त्यांनी मागच्या दोन्ही काचा चिकटपट्टीनं बंद केल्या होत्या, कमरेला लोकरीचा पट्टा बांधला होता, आणि अंगाला चोळलेल्या राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, असा वास येत होता की मलाच चढेल.

"सिस्टर, वाऱ्यानं माणूस मरत असतं, तर डोंगरावर आज एक म्हातारं दिसलं नसतं."

"थट्टा नको. तुमच्या आईलाही वाराच लागला होता."

"माझी आई एक्क्याण्णव वर्षांची होती!"

"तेच म्हणते. नाहीतर शंभर गाठली असती."

मी गाडीचं दार उघडलं. सीट कुठे दिसतच नव्हती. एक फळी, फळीवर उशी, उशीवर मेंढीचं कातडं, त्यावर पुन्हा उशी. दुखायला लागलं की एक थर वाढवायचा, असं वर्षभर चाललं होतं.

माझ्या उस्तादांची एक रीत होती. गिऱ्हाइकाला कुठे दुखतं ते विचारायचं नाही. सीटवर काळं कापड ताणायचं, त्यावर खडूची भुकटी चोळायची, गिऱ्हाइकाला गडद कोट घालून पुलापर्यंत जाऊन यायला सांगायचं. परत आलं की पाठ बघायची. सीट जिथे टेकली तिथे कोट पांढरा.

"वेड लागलंय तुम्हाला," सिस्टर म्हणाल्या, पण गेल्या आणि आल्या. खांदे पांढरे होते, बसायची जागा पांढरी होती, आणि कमरेवर हातभर पट्टा कोरा. तिथे टेका म्हणून नव्हताच. उजवी बाजू डावीपेक्षा जरा जास्त पांढरी होती. माझ्या लक्षात आलं होतं, खोटं कशाला बोलू? पण मला वाटलं, सीटच एका बाजूनं बसली असणार.

सीट उसवली तर आतून पिवळा भुगा सांडला. फोमचं पीठ झालं होतं. खालचे रबरी पट्टे लोंबत होते, गोणपाट फाटलं होतं. मी तीन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. नवे पट्टे ताणले, त्यावर कडक फोम, वर बोटभर मऊ, कमरेला आडवी गुंडाळी, मांड्यांखाली जरा उठाव. इतकी सुबक सीट मी माझ्या जावयालाही करून दिली नसती. म्हणजे त्याला तर मुळीच नाही.

"हे काय बाकडं केलंत?" सिस्टर बसताच म्हणाल्या.

"मऊ पाहिजे तर ढगावर बसा. आठ दिवसांनी सांगा."

आठ दिवस कुठले! बुधवारीच आल्या. कंबर सुधारली होती, पण उजवी कूस आणि मान पेटून उठली होती. मंगळवारी परतताना तीनदा गाडी थांबवून रस्त्याकडेला उभं राहावं लागलं होतं, आणि हे त्यांनी आरोग्यकेंद्रात कुणाला सांगितलं नव्हतं.

मला ते लागलं. कामात चूक काढलेली मला खपत नाही, त्यातून ती खरी असली तर अजिबातच नाही.

"सीट सरळ आहे. तुम्ही सरळ बसत नाही," मी म्हणालो.

"अठ्ठावन्न वर्षं बसतेय मी! तुम्ही शिकवणार आता बसायला?"

"उद्या गुरुवार. मी शेजारी बसून येतो वर. बघतो कशा बसता ते."

"या. बडबड करायची नाही फक्त."

सकाळी आठला निघालो. पुलापर्यंत बाई अशी ताठ बसली होती की फोटो काढावा. मी मनात म्हटलं, झालं, आता सीटला बोल लागणार. मग चढ सुरू झाला. आमचा तो रस्ता डोंगराच्या कुशीतून वर जातो, घरं सगळी उजव्या उतारावर, झाडांच्या वर. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. पहिलं वळण आलं आणि सिस्टर उजवीकडे कलल्या, गिअरवरून जवळजवळ माझ्या मांडीवर आल्या, आणि मान मोडून काचेखालून वर बघायला लागल्या. क्षणभरानं सरळ झाल्या. दुसरं वळण आलं. पुन्हा तेच.

"काय बघता हो?"

"बडबड नको म्हटलं ना."

चौथ्या वळणाला मी त्यांच्याबरोबर वाकून बघितलं. घराच्या छपरावर धुराडं, धुराड्यातून धूर. बस, एवढंच.

"धूर?" मी विचारलं.

"धूर आहे म्हणजे उठलेत," त्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "चूल पेटवलीय म्हणजे हात चालतायत, पाय चालतायत. मग मी पाळीप्रमाणे जाते. धूर नसला तर आधी तिथे. मिलुंका आजी अशीच सापडली मला, पडलेली. तासभर उशीर झाला असता तर गेली असती."

"हे तुम्हाला कुणी सांगितलंय करायला?"

"कोण सांगणार?"

नवव्या घराच्या धुराड्यातून धूर नव्हता. गाडी करकचून थांबली. बाई कळवळत उतरल्या आणि तो चढ धावत गेल्या, हो, धावत. मी मागून धापा टाकत पोचलो तर ओब्रेन म्हातारा अंथरुणात फुरंगटून बसलेला. मुलानं फोन केला नाही म्हणून चूल पेटवायची नाही, अशी त्यानं शपथच घेतली होती.

"मेला असतास तर बरं झालं असतं!" सिस्टर गरजल्या. "मला घाबरवून मारतोस होय रे?" आणि बोलता बोलता गुडघ्यावर बसून त्याची चूल पेटवली. उठताना टेबलाचा पाय धरून उठल्या. ओब्रेननं ते पाहिलं आणि मान खाली घातली.

परत येताना मी खरोखरच बडबड केली नाही. मला माझी चूक दिसत होती. वर्षभर उशीवर उशी ठेवून बाई उंच उंच चढत गेल्या, डोकं छपराला लागलं, आणि धुराडं बघायला मान आणखी खाली घालावी लागली. म्हणून दुखलं, म्हणून आणखी एक उशी. आणि मी शहाणा! मी काय केलं, तर त्याच उंचीला कडक फोम भरून ती उंची पक्की करून ठेवली. कोटाची उजवी बाजू पांढरी दिसली होती, तरी मी माणसाकडे न बघता सीटकडे बघत बसलो. उस्ताद असते तर कानफटात दिली असती.

"वर बघणं सोडा" असं मी त्यांना सांगू शकत होतो. दुसरा कोणी तसं म्हणालाही असता. माझी छाती झाली नाही.

शुक्रवार, शनिवार, रविवार. चर्चलाही गेलो नाही. सीट पुन्हा उसवली, दोन बोटं खाली घेतली. सीट ज्यावर सरकते त्या रुळाखाली पट्टी घालून अख्खी सीट जराशी उजवीकडे वळवली. उजव्या कुशीला फोमची उभी कड केली, म्हणजे कलल्या की बरगडीला टेका मिळेल. सरळ बसणाऱ्या माणसाला ती सीट वाकडी वाटली असती. ती एकाच बाईची सीट होती.

सोमवारी त्या बसल्या, उजवीकडे कलल्या, वर बघितलं. मान वाकली नाही. त्या पुन्हा कलल्या.

"वारा कमी झाला वाटतं," मी म्हणालो.

"चिकटपट्टी चांगली लावलीय मी," त्या म्हणाल्या, आणि नाक शिंकरायला तोंड फिरवलं.

मंगळवारची फेरी झाली, कुठेही न थांबता. बुधवारी डॉक्टरीणबाईंपुढे त्यांनी खिडकीचा कागद सही न करता परत ठेवला. बाईंनी त्यांना खोलीभर चालायला लावलं, वाकायला लावलं आणि शेवटी म्हणाल्या, "जा, डोंगर तुझा." हे मला त्यांनी नाही, त्यांच्या बहिणीनं सांगितलं.

गुरुवारी मी पुन्हा बरोबर गेलो. पट्टे सैल पडलेत का बघायचंय, असं म्हणालो. खरं म्हणजे मला जायचंच होतं. तेराही घरं करून शेवटच्या घरी पोचलो, स्तामेना आजीकडे. वय अठ्ठ्याऐंशी, पायाला न भरणारी जखम. चूल पेटलेली होती. आजी धुतलेला रुमाल डोक्याला बांधून खाटेवर बसली होती आणि शेजारी एक गाठोडं होतं. ते काय असतं हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पुरताना अंगावर घालायचा काळा झगा, नवे मोजे, मेणबत्ती, तोंडावर घालायचं पांढरं कापड. प्रत्येक म्हातारी स्वतःच्या हातानं ते बांधते आणि पेटीच्या तळाशी ठेवते. वर काढत नाही.

"आजी, हे का काढलंत?" सिस्टरनी विचारलं.

"पाववाला सांगत होता, तुला खिडकीत बसवलं म्हणून." आजीचा आवाज अगदी साधा होता. "म्हटलं, आता हाताशी असलेलं बरं. शोधणाऱ्याला त्रास नको."

सिस्टरनी आधी पाय बघितला. पट्टी सोडली, जखम धुतली, नवी पट्टी बांधली, नेहमीइतकाच वेळ घेऊन. मग हात पुसले आणि गाठोडं उचललं.

"मी ठेवतो," मी पुढे झालो.

"बाजूला व्हा मिस्त्री."

त्यांनी पेटी उघडली. वरची गोधडी काढली, लोकरीचे कपडे काढले, चादरी काढल्या. मग कमरेत पूर्ण वाकून ते गाठोडं पार तळाशी ठेवलं, त्यावर एकेक करून सगळं परत रचलं, झाकण लावलं, आणि कशालाही न धरता सरळ उभ्या राहिल्या.

"मंगळवारी येते," त्या म्हणाल्या.