ऐंशीचे चव्वेचाळीस

निशिकांतची बेरीज चुकत नाही, अशी सिंगापुरातल्या, तांजोंग पगारच्या आमच्या ऑफिसात ख्याती होती. याही वेळी ती चुकली नव्हती. त्याने ती बरोबर करून घेतली होती, तोच घोटाळा.

काम अमेरिकेतल्या एका किराणा कंपनीचं. एका राज्याच्या कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यातच म्हणा, मेक्सिको वगैरेकडचे, मूळचे स्पॅनिश बोलणारे हिस्पॅनिक लोक किती, आणि त्यावरून दहा दुकानं कुठे काढायची. निशिकांतने गोरे, काळे, आशियाई, हिस्पॅनिक असे रकाने मांडले. बेरीज कुठे एकशेपंधरा टक्के, कुठे एकशेऐंशी. पठ्ठ्याने सगळे आकडे दाबून शंभरात बसवले आणि यादी पाठवून दिली.

सकाळी पावणेआठला तो माझ्या टेबलाशी आला. "विश्वास, तक्त्याखालची टीप वाच."

वाचली. हिस्पॅनिक माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो. तो प्रश्नच वेगळा विचारतात. म्हणजे एकच माणूस दोन रकान्यांत.

"अकरा वर्षं इथल्या प्रत्येक फॉर्मवर वंशासाठी एकच खूण करतोय रे. चायनीज, मलय, इंडियन, अदर्स. माणूस दोन ठिकाणी असतो हे सुचलंच नाही."

"कितीचा फरक?"

"पंधरा टक्क्यांचे तेरा झाले, ऐंशीचे चव्वेचाळीस. जिथे वस्ती दाट तिथेच जास्त कापले गेले. त्यावरून माणसं मोजली, म्हणून दक्षिणेच्या तीन काउंट्या चुकून यादीतून बाहेर."

आठला क्लायंटचा कॉल. पुढच्या आठवड्यात निशिकांतच्या एम्प्लॉयमेंट पासचं, म्हणजे इथे राहून नोकरी करायच्या परवान्याचं, रिन्युअल. मुलगी अनुजा सहावीत, महिन्याभराने तिची पीएसएलई, इथली सहावीची बोर्डाची परीक्षा.

"गप्प बस," मी म्हणालो. व्यवहारी सल्ला माझ्याकडे नेहमी तयार असतो. "पास हातात आला की दुरुस्ती पाठव. तोवर कोण मरतंय?"

"ते आजच जागांचे करार करतायत."

त्याने बायकोला फोन लावून सगळं सांगितलं. क्षिप्रावहिनी नोव्हेना भागातल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. त्यांचा आवाज मलाही ऐकू आला. "हात जोडते तुमच्यापुढे. पोरीची परीक्षा होऊ दे. एकदा, एकदाच गप्प बसा."

"हो," तो म्हणाला. पाणी प्यायला गेला तो शर्टाची कॉलर ओली करून आला.

कॉलवर क्लायंटच्या बाई खुशीत होत्या. दहाही जागा पक्क्या, कुणाला काही म्हणायचंय? आमच्या बॉस सुलेखा मॅडमनी हसून नाही म्हणण्यासाठी मान हलवायला घेतली.

"मला," निशिकांत म्हणाला.

चार मिनिटं बोलला. आकडा एकही अडला नाही. बाईंनी आभार मानले आणि दुरुस्त यादी संध्याकाळपर्यंत मागितली. कॉल संपला.

"यादी विश्वासला दे," मॅडम त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "रिन्युअलच्या कागदांवर मी आता काय म्हणून सही करू? तूच सांग."

निशिकांत माझ्या शेजारी खुर्ची ओढून मला एकेक रकाना समजावत बसला.

"पास गेला की देश सोडायला तीस दिवस मिळतात ना रे?" मधेच त्याने विचारलं. मला वाटतं, मिळतात. मी पुढचा रकाना उघडला.

त्याचा फोन वाजून वाजून थांबला. मग माझा वाजला.

"भाऊजी, गप्प राहिले ना हो ते?"

निशिकांत बोट ठेवून तिसरी काउंटी दाखवत होता.

"इथेच आहे तो, वहिनी," मी म्हणालो, आणि फोन त्याच्या हातात दिला.